फाटकापर्यंत गेलेला भाऊ

केलेपीच्या खिशात तीन नावं होती आणि डोक्यात चौथं. खिशातल्या तिघींपैकी कुणीही चाललं असतं. डोक्यातलं मात्र काही केल्या नको होतं, आणि नेमकं तेच तिथून हलत नव्हतं.

बेटावरच्या चर्चमधल्या भगिनी मंडळाच्या अध्यक्षा मेलेनाइते पुढच्या बोटीने ऑकलंडला मुलाकडे निघाल्या होत्या, कायमच्या. रविवारी पंगाई बंदराहून चर्चच्या विभागाचे अध्यक्ष बोटीने येणार, आणि त्यांच्या देखत भर उपासनेत नव्या अध्यक्षेचं नाव वाचायचं. ते नाव ठरवायचं बिशपने, म्हणजे केलेपीने. त्यांच्या चर्चमध्ये पगारी पाद्री नसतो. गावातलाच एखादा माणूस काही वर्षं बिशप होतो आणि आठवड्याचे बाकीचे सहा दिवस आपलं पोट भरतो. केलेपी होड्यांची इंजिनं दुरुस्त करून पोट भरायचा. त्याच्या नखांतलं ग्रीस रविवारीही निघायचं नाही.

अशा कामासाठी माणूस निवडायची रीत ठरलेली होती. बिशपने स्वतःची अक्कल चालवायची, नावं काढायची, उपास करायचा, ती नावं देवापुढे ठेवायची आणि मग गप्प बसायचं. केलेपीला अक्कल चालवणं जमायचं, उपासही जमायचा. गप्प बसणं तेवढं जड जायचं.

मंगळवारी उपाशीपोटी तो एका होडीचा कार्बोरेटर खोलून बसला होता. तिन्ही नावं सकाळीच देवापुढे ठेवून झाली होती, आणि आता मनात फक्त पेट्रोलचं तुंबलेलं बारीक भोक होतं. अशात कळलं. आवाज नाही, उजेड नाही. चूल पेटती ठेवून आलोय हे वाटेत अचानक कळावं, तसं कळलं.

लेसिएली.

केलेपीच्या हातातला स्क्रू वाळूत पडला, तो अर्धा तास सापडला नाही.

लेसिएली म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती चौदाची होती आणि तो सहाचा. त्याला न्हाऊ घालण्यापासून शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. पण हे झालं लहानपणीचं. मिसरूड फुटलं की भावाने बहिणीपासून लांब राहायचं, ही इथली रीत. मग तो बिशप होवो नाहीतर मंत्री, बहिणीपुढे खालीच. तिच्या घरात तो पाय टाकत नाही, एका खोलीत तिच्यासमोर बसत नाही, ती जे म्हणेल त्याला नाही म्हणत नाही. आणि काही विषय तर तिच्या कानावर पडतील इतक्या अंतरात काढायचेच नसतात. असल्या बहिणीला चर्चच्या त्या खुराड्याएवढ्या कचेरीत टेबलापलीकडे बसवायचं, दार लावायचं आणि विचारायचं, ‘बाई, तुमचं चारित्र्य शुद्ध आहे ना?’ नेमणुकीआधी हे प्रश्न विचारावेच लागत. केलेपीला नुसत्या कल्पनेने घाम फुटला.

आणि एवढ्यावर भागत नव्हतं. चार वर्षांपूर्वी केलेपीच्या हातून एक भयंकर गोष्ट घडली होती. बिशप म्हणून त्याचा तो पहिला रविवार. मुख्य कचेरीतून पत्र आलं होतं, ‘सर्व चर्चमध्ये मोठ्याने वाचावे.’ घाबरलेल्या केलेपीने ते आधी वाचलंच नव्हतं. लेसिएली पहिल्या रांगेत बसली होती, भाऊ बिशप झाला म्हणून, इथे मानाच्या प्रसंगी गुंडाळतात तशी, ठेवणीतली चटई कमरेला गुंडाळून. पत्राचा तिसरा परिच्छेद नवराबायकोच्या एकनिष्ठेबद्दल निघाला, आणि त्यात ‘शय्या’ हा शब्द होता. केलेपीने तो उच्चारला. बहिणीच्या देखत. कर्ण्यातून.

सगळ्या चर्चने माना खाली घातल्या. केलेपीला थांबताही येईना, कारण ते वाक्य संपतच नव्हतं. मध्येच त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. लेसिएली उठली आणि ताठ मानेने बाहेर गेली. पुढच्या रविवारपासून ती खाडीवरचा बांध ओलांडून शेजारच्या गावातल्या चर्चला जाऊ लागली. जायला तास, यायला तास. चार वर्षं, उन्हातान्हात. केलेपीने माफी मागितली नव्हती. माफी मागायची तर विषय पुन्हा काढावा लागला असता.

बुधवारी त्याने इनोकेकाकांना गाठलं. इनोके त्याचे सल्लागार, सत्तरीचे, दात तीन पण जीभ धारदार.

“यादीतल्या विकाबाईंचं नाव घ्यावं म्हणतो,” केलेपी म्हणाला.

“चांगलं आहे. शाळा चालवते, मंडळ चालवेल. देव काय म्हणाला?”

“देव काही वाईट म्हणाला नाही.”

“तसा तो माझ्या दातांबद्दलही काही वाईट बोललेला नाही,” इनोके म्हणाले. “मी विचारलं, काय म्हणाला?”

“काका, कधीकधी देवालाही इथल्या चालीरीती ठाऊक नसतील, असं नाही का वाटत तुम्हाला?”

इनोकेंनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. “मला असं वाटतं,” ते म्हणाले, “की तू उपास सोडावास. डोकं चालेनासं झालंय तुझं.”

गुरुवारी शाळा सुटल्यावर विका आली. कचेरीचं दार सताड उघडं ठेवून केलेपीने तिला समोर बसवलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, की भगिनी मंडळाचं अध्यक्षपद तिने स्वीकारावं. विकाचा चेहरा आधी लाल झाला, मग गंभीर. तिने हातातल्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

“बिशप, एक विचारू? तुम्ही प्रार्थना केलीत तेव्हा माझं नाव आलं?”

केलेपी खिडकीबाहेर बघू लागला. खोटं बोलणं त्याला कधीच साधलं नव्हतं. लहानपणी चोरून खाल्लेल्या केळ्यांबद्दलसुद्धा साधलं नव्हतं.

“तुमचं नाव यादीत होतं.”

“यादीचं नाही विचारलं. वर्गात पोरं अशीच उत्तरं देतात मला. ‘गृहपाठ केलास का?’ ‘वही आणलीय, बाई.’” ती हसली, पण मायेने. “आलं का नाही?”

“नाही,” केलेपी म्हणाला.

“दुसऱ्या कुणाचं आलं?”

केलेपी टेबलावरचे कागद सरळ करू लागला.

“मग मला कशाला घोड्यावर बसवताय? देवाने धाडलं तर मी उद्या सकाळी कामाला लागेन. तुम्हाला सोयीची आहे म्हणून धाडत असाल, तर मला चाळीस वह्या तपासायच्यात.” तिने गठ्ठा उचलला. दारात थांबून म्हणाली, “आणि जिचं आलंय तिला तुम्ही घाबरता, एवढं दिसतंय. उगाच वेळ काढू नका, रविवार काही पुढे जाणार नाही.”

शुक्रवारी केलेपीने दिवसभर देवाशी हुज्जत घातली. दुसरं नाव दे. विका नको तर शेजारीण चालेल. कुणीही चालेल. वरून काही नाही. डोक्यात तेच एक नाव, ना मोठं ना बारीक, दारातल्या आगंतुकासारखं बसून राहिलेलं. खरं म्हणजे त्याला देवाची भीती नव्हती वाटत. त्याला वाटत होतं, आपण जायचं आणि आक्काने तोंड फिरवायचं, मग उरलेलं आयुष्य काय करायचं? चार वर्षं ती लांब होती, पण निदान काही बोलली नव्हती. एकदा बोलली, की ते कायमचं. आईविना वाढलेल्या माणसाला आईसारखं जे एक माणूस असतं, ते त्याच्या हातून जायची पाळी आली होती.

जेवताना त्याची बायको सेला म्हणाली, “ताटात मासा कधीचा पडलाय. तुमच्या आक्कांचं नाव आलंय ना?”

“तुला कुणी सांगितलं?”

“चार वर्षांत असं तोंड तुमचं एकदाच झालं होतं.” सेलाने ताट त्याच्याकडे सरकवलं. “वन्संना मी स्वतः थरथर कापते. आपल्या लेकीच्या लग्नात डुकराचा सगळ्यात मोठा वाटा त्यांनी घेतला, माझ्या आईने विणलेली चटई नेली, आणि मी हसत ‘न्या न्या’ म्हणत होते. आत्या म्हणून त्यांचा हक्कच आहे तो. पण मी येते उद्या तुमच्याबरोबर. तुम्ही आणि त्या समोरासमोर बोलणार कसे? मध्ये कुणीतरी हवं.”

शनिवारी दुपारी दोघं निघाले. केलेपीने अंगभर स्वच्छ कपडे केले आणि कमरेला चटई बांधली, मयताला जाताना बांधतात तितकी घट्ट. लेसिएलीचं घर समुद्राच्या बाजूला होतं. ती दारातच ओंडक्यापुढे बसून झाडाची साल लाकडी मोगरीने ठोकत होती. त्या सालीचं पुढे कापड होतं. केलेपी अंगणात, नीरफणसाच्या सावलीत खाली मातीवर बसला, अर्धी पाठ तिच्याकडे करून. सेला उंबऱ्याशी दोघांच्या मधोमध टेकली.

“सेला,” लेसिएली ठोकता ठोकता म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला विचार, इंजिन बघायला आलाय का? माझ्याकडे इंजिन नाही.”

“अहो, आक्का विचारतायत…”

“ऐकलं मी,” केलेपी म्हणाला. “आक्काला सांग, मेलेनाइते चालल्या. भगिनी मंडळाला अध्यक्ष हवी. सांग, की नाव तिचं आलंय.”

मोगरी थांबली नाही. तिचा ठोका फक्त थोडा हळू झाला.

“सांग त्याला, उठ म्हणावं आणि घरी जा. आणि हे पुन्हा मला विचारू नकोस म्हणावं.”

सेलाने ते काही उच्चारलं नाही, उच्चारायची गरज नव्हती. बहिणीने जा म्हटलं होतं. केलेपी उठला. आयुष्यात त्याने तिचा शब्द कधी मोडला नव्हता, मोडायचा असतो हेच त्याला माहीत नव्हतं. अंगण ओलांडून तो फाटकापर्यंत गेला, फाटकाच्या तारेचा आकडा काढला आणि तसाच उभा राहिला. शेजारची बाई कपडे वाळत घालायची थांबून बघायला लागली. पुढे पाऊल टाकलं असतं तर सगळं रीतीला धरून झालं असतं. विकाबाईला जाऊन सांगता आलं असतं, की दुसरीने नाही म्हटलं. आक्का लांब का होईना, होती तशी राहिली असती.

त्याने आकडा परत अडकवला. परत येऊन मगाशी बसला होता तिथेच बसला.

“सेला,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला, “सांग आक्काला, भाऊ गेला. तिने जा म्हटलं, तो फाटकापर्यंत गेला. आता जो बसलाय तो बिशप आहे. त्याला घालवायचं तर ज्याने त्याला पाठवलं त्याला सांगावं लागेल. सांग, मी दुसरं नाव मागितलं. तीनदा मागितलं. मला तिला विचारायचं नव्हतं. तिच्यापुढे परत तोंड उघडायची माझी हिंमत नाही. का तीच, ते मला ठाऊक नाही. पण नाव तिचंच आहे.”

मोगरी थांबली. मग जे घडलं, त्याची गोष्ट सेला पुढे कितीतरी दिवस सांगत असे. लेसिएली तिच्याकडे न बघता, थेट भावाकडे बघून बोलली.

“केलेपी, मी रागावून गेले असं वाटत होतं तुला? चार वर्षं?”

केलेपीने मान खाली घातली.

“वेडा कुठला. त्या दिवशी वाचता वाचता तू मध्येच माझ्याकडे बघितलंस. सहाचा असताना हातून काही सांडलं की बघायचास तसं. मला वाटलं, हे बरं नव्हे. बिशपने समोर कोण बसलंय ते बघून वाचू नये. मी बसत राहिले असते, तर तू दर पत्र माझ्या धाकाने अर्धंच वाचलं असतंस. पोरांना सांगायच्या गोष्टी राहून गेल्या असत्या. म्हणून गेले. तुझं तोंड मोकळं राहावं म्हणून.”

केलेपी रडायला लागला. लपवायचा प्रयत्नही त्याने केला नाही. बावन्न वर्षांचा माणूस, मातीत बसून हुंदके देत होता, आणि शेजारची बाई दोरीवरची चादर धरून नुसती उभी होती. चार वर्षं ज्याला तो शिक्षा समजत होता, ते तिने त्याच्यासाठी चालवलं होतं, दर रविवारी दोन तास उन्हातून.

“आणि आता मीच तुला परत ये म्हणतोय,” तो म्हणाला.

“तू नाही म्हणत. तूच सांगितलंस ना, की तू नाही. म्हणून तर ऐकून घेतलं.” तिने मोगरी बाजूला ठेवली. “पण तुझ्या शब्दावर मी होय म्हणणार नाही. तुला सांगितलं त्याने, तर मलाही सांगेल. मी विचारते. तुझे ते प्रश्न पंगाईच्या अध्यक्षांनी विचारावेत, ते माझे कुणी लागत नाहीत. आणि कचेरीतून येणारी पत्रं इनोकेला वाचायला देत जा. त्याला लाज कधीच नव्हती.”

“मग उद्या येशील?”

“त्याचं उत्तर आलं तर.” ती पुन्हा ठोकू लागली. “आता सेलाला घरी ने. भाऊ म्हणून सांगतेय हे.”

या वेळी तो मुकाट्याने गेला.

रविवारी चर्च गच्च भरलं. पहिलं गीत झालं. लेसिएलीचा पत्ता नव्हता. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्चीही रिकामी होती, तेव्हा बोट उशिरा आली असणार असं सगळ्यांनी धरलं. केलेपीच्या हातातल्या कागदावर एकच नाव होतं. दुसरं गीत सुरू झालं तसे इनोके त्याच्या कानाशी वाकले.

“खाली विकाबाईचं नाव लिहून ठेवू? नाही म्हणजे, आयत्या वेळी पंचाईत नको.”

केलेपीने कागदाकडे पाहिलं. खाली भरपूर जागा होती.

“नको, काका.”

गीताचं शेवटचं कडवं चालू असताना बाजूचं दार उघडलं. आधी अध्यक्ष आले, रुमालाने कपाळ पुसत, आणि त्यांच्यामागून लेसिएली. अध्यक्ष पहाटेच्याच बोटीने आले होते, आणि मागच्या कचेरीत त्यांनी तिला जेवढं विचारलं त्याच्या दुप्पट तिने त्यांना विचारलं होतं, हे नंतर कळलं. ती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. त्या रांगेतल्या बायकांनी काही न बोलता सरकून जागा केली आणि एकीने तिचा हात धरला.

केलेपीने नाव वाचलं. आवाज नीट निघाला. संमती असेल त्यांनी उजवा हात वर करावा, असं तो म्हणाला, आणि हातांचं रान उठलं. त्याचा स्वतःचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, कारण त्याआधी त्याला डोळे पुसावे लागले.

पुढच्या रविवारी चर्चच्या कारभाऱ्यांची बैठक भरली. लेसिएलीने मदतीला विकाबाईंना घेतलं होतं, आणि टेबलाच्या लांबच्या टोकाला ती विकाच्या पलीकडे बसली.

“विका, बिशपना सांग,” ती म्हणाली, “चार म्हातारी माणसं अंथरुणाला खिळलीत. अनासेइनी आजींना डोळ्यांनी दिसतही नाही. प्रभुभोजनाची भाकर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. दर रविवारी कुणीतरी घरी नेऊन द्यायला हवी. आजपासून.”

मेलेनाइतेंनीही हेच मागितलं होतं. या वर्षात तीनदा. माणसं कमी आहेत, रविवारी गायनाची तालीम असते, असं सांगून केलेपी दर वेळी म्हणाला होता, “पाहू.” तेच म्हणायला त्याने आताही तोंड उघडलं.

आणि ते म्हणता येईना. टेबलाच्या टोकाला बहीण बसली होती. बहिणीला भाऊ नाही म्हणत नाही, आणि ‘पाहू’ म्हणजे नाहीच हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

“हो,” केलेपी म्हणाला.

इनोकेंना ठसका लागला. केलेपी एकाएकी मोठ्याने हसत सुटला. का तीच, हे त्याला आत्ता कळलं होतं. इतकी वर्षं जो बिशप साऱ्या बायांना गोड बोलून वाटेला लावत होता, त्याच्यापुढे देवाने गावातली अशी एकच बाई आणून बसवली होती जिला तो वाटेला लावू शकत नव्हता. आणि त्याला वाटलं होतं, देवाला इथल्या चालीरीती ठाऊक नाहीत!

त्या दुपारी तालमीला न जाता तो आणि इनोके भाकर आणि पाणी घेऊन निघाले. पहिलं घर अनासेइनी आजींचं. आजी चटईवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. केलेपीने गुडघ्यांवर बसून प्रार्थना म्हटली आणि भाकरीचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, एकदा, दोनदा.

“कोण तू?”

“केलेपी, आजी. बिशप.”

“मला वाटलं मी मेले असं समजलात सगळे.” त्यांनी तुकडा मुठीत घट्ट धरला. “तुला कुणी पाठवलं?”

“आक्काने,” केलेपी म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, “आणि तिला त्याने.”

आजींनी मान हलवली आणि तुकडा तोंडात घातला. दात नव्हते, त्यामुळे वेळ लागला. केलेपी पाण्याचा पेला हातात धरून त्यांच्याजवळ बसून राहिला.